बेसिल तिसऱ्या आठवड्यात मान टाकतं: पाणी घालण्याआधी कुंडी उलटी करा

नर्सरीतून बेसिल आणलं, म्हणजे पिझ्झा-पास्त्यावर घालतात ते तुळशीच्या नात्यातलं रोप, की पहिला आठवडा छान जातो. दुसऱ्या आठवड्यात नवी पानं फुटतात, आपण त्यातली चार तोडून पास्त्यावर टाकतो, फोटोही काढतो. तिसऱ्या आठवड्यात एके सकाळी बघावं तर रोपाने मान टाकलेली. पाणी घातलं की संध्याकाळपर्यंत जरा सावरल्यासारखं वाटतं. दुसऱ्या दिवशी मान पुन्हा खाली. पुन्हा पाणी. चार-पाच दिवसांत खोड बुंध्याशी काळं पडतं आणि कारभार आटोपतो.

माझ्याकडे अशी चार रोपं गेली. पुण्यातली पूर्वेची गॅलरी, तिसरा मजला, साधारण बारापर्यंत ऊन. त्याच गॅलरीत पुदिना माजलाय, गवती चहा ऐकत नाही, कढीपत्ताही बरा आहे. फक्त बेसिल टिकत नाही. दर वेळी मी एकच निदान केलं, ‘पाणी कमी पडलं असेल’, आणि पुढच्या रोपाला जास्त पाणी घातलं. तुमचंही असंच चाललं असेल तर हे वाचा. माझी चूक कुठे होती ते मला पाचव्या रोपावर कळलं, तेही मेल्यावर नाही, मरायच्या आधी कुंडी उलटी केली म्हणून.

खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे गोकर्णाच्या बिया मागायला गेले होते, तेव्हा रडगाणं गायले. त्या वर आल्या, बेसिलकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, “अगं, पाणी पाणी काय करतेस? मुळं कशी आहेत ते बघितलंस का?” मी नव्हतं बघितलं. रोप आणायचं, पिशवी फाडायची, मातीचा गोळा तसाच्या तसा मोठ्या कुंडीत ठेवायचा, बाजूने कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, भरायचं. सगळे असंच करतात. ‘मुळांना धक्का लावू नका’ असं सगळीकडे सांगितलेलंही असतं.

गोळ्यात काय निघालं

आम्ही वर्तमानपत्र पसरलं, कुंडी आडवी केली, कडेने थापट्या मारल्या. बाजूचं कोकोपीट भुसभुशीत गळून पडलं आणि मधोमध तो लाल मातीचा गोळा जसाच्या तसा, पिशवीच्या आकाराचा, हातात आला. बाहेर पडून तीन आठवडे झाले तरी एकही मूळ त्या गोळ्याच्या बाहेर आलेलं नव्हतं. गोळा जड होता. बोटाने दाबला तर खड्डा पडला आणि त्यात पाणी जमलं. वासही आला, गटाराजवळ येतो तसा किंचित आंबूस. मुळं पांढरी असायला हवीत, ती चहाच्या रंगाची झाली होती आणि ओढली की वरचं साल सुटून आत दोऱ्यासारखा धागा उरत होता.

वर मात्र कुंडीतली माती कोरडी दिसत होती! कारण मी बोट घालत होते कुंडीच्या कडेला, कोकोपीटात. ते मोकळं, वरून लवकर सुकणारं. मधला गोळा चिकणमातीचा, पाणी धरून बसणारा. म्हणजे बोटाला कोरडं लागायचं, मी तांब्याभर ओतायचे आणि मुळं मात्र चिखलात बसून गुदमरायची. मुळांनाही हवा लागते. ती मिळाली नाही की मुळं पाणी ओढेनाशी होतात आणि पाण्यात बुडालेलं रोप तहानेने मेल्यासारखं मान टाकतं. कुजक्या मुळांवर पिथियमसारख्या बुरशा लगेच बसतात. रोप पहिले दोन आठवडे तग धरतं ते नर्सरीतून आणलेल्या शिदोरीवर.

नर्सरीवाल्यांचा यात दोष म्हणावा तर तसाही नाही. टेम्पोत शंभर मैल हादरे खात येणाऱ्या रोपाची माती सुटू नये, म्हणून चिकट लाल माती दाबून भरलेली असते. गुलाबाला, जास्वंदीला ते चालून जातं. त्यांची मुळं दांडगी. बेसिलची केसासारखी.

उन्हाळ्यात याच गोळ्याची उलटी बाजू दिसते. एकदा का तो पूर्ण वाळला की विटेसारखा होतो. वरून घातलेलं पाणी बाजूच्या मोकळ्या मातीतून सुळकन खाली उतरतं, ताटलीत जमा होतं, आपल्याला वाटतं भरपूर पाणी झालं. आत गोळा ठणठणीत कोरडा. त्यामुळे ‘पाणी जास्त झालं की कमी’ हा प्रश्न कुंडी न उघडता सुटत नाही. एकाच चुकीने दोन्ही होतं.

दुसरी गोष्ट आणखी मजेची. ज्याला मी एक डेरेदार रोप समजत होते, ती सात रोपं होती. एका पिशवीत चिमूटभर बी टाकून उगवलेली, सातही एकमेकांच्या पायात पाय घालून. विकायला ठेवताना असं भरगच्च रोप छान दिसतं. घरी आल्यावर सातही जणांना तेवढीच माती, तेवढंच अन्न. सुपरमार्केटमध्ये छोट्या कुंडीत मिळणारं बेसिलही बहुतेक असंच असतं. ते वाढवायला नाही, आठवडाभर तोडून संपवायला केलेलं असतं. कोथिंबिरीची जुडी समजून वापरलं तर त्यात फसवणूक नाही.

गोळा सोडवायचा कसा

रोप नवीन, टवटवीत असतानाच हे काम करा. मान टाकल्यावर करायचं झालं तर जगण्याची शक्यता निम्मीच समजा. संध्याकाळची वेळ निवडा.

बादलीत साधं पाणी घ्या, गोळा त्यात वीस मिनिटं ठेवा. दाबू नका, आपोआप माती सुटायला लागते. मग एका हाताने खोड धरून दुसऱ्या हाताने पाण्यातल्या पाण्यात हलकेच हलवत राहा, जसं आपण अळूच्या मुळाची माती धुतो. निम्म्याहून जास्त लाल माती निघाली की पुरे. रोपं एकमेकांपासून सुटतील तशी सोडवा, तुटतील ती तुटू द्या. सातातली तीन चांगली निवडा. बाकीची? पानं तोडा आणि चटणी करा. मला पहिल्यांदा ते जिवावर आलं, पण सातही वाचवायला गेलं की एकही वाचत नाही.

एका रोपाला आठ इंची कुंडी बास. माझं मिश्रण: दोन भाग बागेतली पोयट्याची माती, एक भाग कोकोपीट, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, वर दोन मुठी जाड वाळू किंवा विटांचा चुरा आणि मूठभर निंबोळी पेंड. नुसत्या कोकोपीटात लावू नका. ते पावसाळ्यात स्पंजासारखं ओलं राहतं आणि त्याच्यावर ती बारीक काळी चिलटं येतात. कुंडीचं भोक खापरीच्या तुकड्याने नुसतं झाका, बुजवू नका. आणि खालच्या ताटलीत पाणी साठलं तर ओतून टाका, ते ‘नंतर पिईल’ म्हणून ठेवायचं नसतं.

लावल्यावर वरची निम्मी पानं काढा. मुळं कमी झालीत, तर पानांचाही भार कमी करायला हवा. चार-पाच दिवस उजेडात पण सावलीत ठेवायचं, मग हळूहळू उन्हात. या काळात ते थोडं मलूल दिसेल. दिसू द्या.

पाण्याचं मोजमाप मी आता बोटाने करत नाही, कुंडी उचलून करते. पाणी घातल्यावर एकदा उचलून वजन लक्षात ठेवा. हलकी लागली की घालायचं, सकाळी, मातीवर, पानांवर नाही. आठ दिवसांत हाताला अंदाज येतो.

मान टाकण्याचेही प्रकार आहेत

दुपारी दोनला पानं लोंबली आणि सहाला पुन्हा उभी राहिली, तर काहीही करू नका. उन्हात पानातून पाणी जातं त्या वेगाने मुळं पुरवू शकत नाहीत, एवढंच. एप्रिल-मेमध्ये छत्रपती संभाजीनगर, नागपूरकडे तर दुपारी जाळी किंवा जुनी ओढणी बांधाच.

कुंडी हलकी आणि मान खाली: पाणी हवंय. कुंडी जड आणि मान खाली: पाणी मुळीच घालू नका, उलटी करून बघा.

फक्त एकच फांदी किंवा एकच बाजू सुकतेय, शेंडा वाकडा होतोय, खोडावर तपकिरी पट्टे दिसतात, बाकी माती व्यवस्थित? हा फ्युजेरियम बुरशीचा मर रोग असू शकतो. बेसिलवर येणारा त्याचा वेगळा प्रकार आहे आणि तो बियातून येतो, मातीत वर्षानुवर्षं राहतो. इथे औषध नाही. रोप मुळासकट काढून कचऱ्यात, कंपोस्टात नाही. ती माती पुन्हा बेसिलला, पुदिन्याला, तुळशीला वापरायची नाही. कुंडी धुऊन उन्हात वाळवा.

काकूंची तुळस का मरत नाही

हा प्रश्न मी काकूंना विचारलाच. तीच माती, तेच ऊन, वर रोज पूजेचं तांब्याभर पाणी, तरी तुळस दोन वर्षं उभी. दोन्ही एकाच घराण्यातल्या, पुदिन्याच्या. चौकोनी खोड बोटांत फिरवून बघा, कळेल. पण तुळस, म्हणजे ऑसिमम टेन्युइफ्लोरम, झुडूप आहे, खोड लाकडी होतं, दोन-तीन वर्षं जगते. बेसिल म्हणजे ऑसिमम बॅसिलिकम, मऊ खोडाचं, एका हंगामाचं. ते फुलून बी धरून मरण्यासाठीच जन्माला येतं. पानही मोठं, पातळ, पाणी भसाभस उडणारं. तेव्हा तुळशीवर जमलं म्हणून बेसिलवर जमेलच असं नाही.

अर्थात तुळसही दर हिवाळ्यात वाळते अशी तक्रार घरोघरी असते. बहुतेक वेळा ती मंजिऱ्यांनी लडबडलेली असते, आणि भोवती दिव्याचं तेल, हळदकुंकू, उदबत्तीची राख. दिवा कुंडीत न ठेवता कट्ट्यावर ठेवा आणि मंजिऱ्या वेळेवर खुडा. एकादशीला आणि रविवारी खुडायची नाही असं आमच्याकडे पाळतात. हरकत नाही, आठवड्याचे निदान पाच दिवस उरतात.

न तोडल्यानेही मरतं

जगलेल्या रोपांचा दुसरा मृत्यू असा होतो: आपण जपतो. ‘अजून लहान आहे, थोडं वाढू दे’ म्हणत एकही पान तोडत नाही. मग ते काठीसारखं उंच होतं, खालची पानं पिवळी पडतात, वर पांढऱ्या फुलांचा तुरा येतो. तुरा आला की पानं बारीक आणि कडवट होऊ लागतात, रोपाची सगळी ताकद बियांकडे जाते.

आणि तोडतो तेव्हाही चुकीचं तोडतो. खालची मोठमोठी पानं एकेक खुडून घेतो. तीच तर रोपाचं जेवण बनवत असतात.

रोप सहा-सात इंचाचं झालं, पानांच्या चार जोड्या आल्या की नीट बघा. प्रत्येक जोडीत पानाच्या बेचक्यात मोहरीएवढी दोन पिल्लं बसलेली असतात, एक इकडे, एक तिकडे. खालून दुसऱ्या जोडीच्या जरा वर, अर्धं बोट अंतरावर, कात्रीने शेंडा कापा. आठवड्याभरात ती दोन पिल्लं फांद्या होतात. दोनाच्या पुढच्या वेळी चार, चाराच्या आठ. या पहिल्या कापणीनंतर एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त कापायचं नाही, आणि पुढची कापणी दोन-तीन आठवड्यांनी. पहिला शेंडा कापताना माझा हात थांबला होता. आज त्याच रोपाचा व्याप परातीएवढा आहे.

तुरा दिसला की त्याच्या खालची पानांची एक जोडी घेऊन कापा. फुलं फेकू नका, सॅलडवर चांगली लागतात. ऑक्टोबरनंतर मी एक फांदी मुद्दाम फुलू देते, मधमाश्या येतात.

पावसाळा

जून ते सप्टेंबर इथे बेसिलशी भांडण्यात अर्थ नाही, असं माझं स्पष्ट मत झालंय. पुण्यात एक वेळ जमेल. रत्नागिरी, पणजीकडे अवघड आहे. पान रात्रभर ओलं राहिलं की त्यावर ठिपके येतात, मऊ होऊन काळं पडतं. त्यातला एक रोग ओळखून ठेवावा असा आहे. पान वरून शिरांच्या मधे मधे पिवळं पडतं, आपल्याला वाटतं खत कमी पडलं, आणि पान उलटून बघितलं तर खाली राखाडी-जांभळट धुरळा बसलेला. ही केवडा रोगाच्या प्रकारची बुरशी, नाव पेरोनोस्पोरा बेलबाहरी. १९३० च्या दशकात युगांडात तिची पहिली नोंद झाली, मग ती जवळजवळ विस्मरणात गेली आणि २००१ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये उगवली. २००७ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडात पोचली, आणि तिथल्या बेसिल शेतकऱ्यांची झोप उडवली. बियाबरोबर प्रवास करते ती. अशी पानं दिसली की खत घालत बसू नका, ती सगळी काढून टाका, कुंड्या एकमेकींपासून लांब करा, वारा खेळू द्या. जास्त पसरलं असेल तर उरलेली बरी पानं एकदम कापून वापरून टाका.

म्हणून मी मे अखेरीस मोठी कापणी करते, एक-दोन रोपं छपराखाली ठेवते आणि नवीन बी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पेरते. ऑक्टोबर हीट आपल्याला नकोशी वाटते, बेसिलला ती हवीच असते.

थंडीचा त्रास पुण्यामुंबईत फारसा नाही, पण नाशिक-निफाडकडच्यांना माहीत असेल. पारा १० अंशांच्या खाली गेला की पानं काळी पडतात, एका रात्रीत, भाजल्यासारखी. डिसेंबर-जानेवारीत रात्री कुंडी आत घ्या.

किडे

पिठ्या ढेकूण, म्हणजे तो कापसासारखा पांढरा, इअरबड साबणाच्या पाण्यात बुडवून पुसून काढा. रोज, आठ दिवस. तुळशीवर एक वेगळाच बारीक, काळपट, जाळीदार पंखांचा ढेकूण येतो, बेसिललाही सोडत नाही: पानावर फिकट ठिपके, कडा वळलेल्या, आणि खाली डांबराच्या थेंबासारखी चकचकीत काळी घाण. पान दुमडून धाग्याने शिवल्यासारखं दिसलं तर आत हिरवी अळी आहे, पानासकट चिमटीत दाबा. गोगलगायी रात्री नऊनंतर टॉर्च घेऊन वेचायच्या.

फवारायचंच असेल तर लिटरभर कोमट पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि भांडी घासायच्या लिक्विडचे काही थेंब, चांगलं हलवून, संध्याकाळी, पानाच्या खालच्या बाजूने. आठवडाभर ते पान खायचं नाही, नंतरही धुऊनच. खायचं रोप आहे हे विसरून गुलाबाचं औषध मारणारे लोक मी बघितलेत.

शेंड्याकडची पानं पिवळी पण शिरा हिरव्या, असं असेल तर मात्र किडा नाही, पाणी बघा. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर येतो, बोअरचं जड पाणी. मातीच्या कुंडीवर बाहेरून पांढरा थर धरतो तो त्याचाच. जड पाण्याने माती खारट-अल्कधर्मी होते, मातीत लोह असून रोपाला घेता येत नाही. पहिल्या पावसाचं पाणी दोन बादल्या साठवून कुंडीतून भरपूर वाहू दिलं की फरक दिसतो. खालची जुनी पानं पिवळी पडत असतील तर भूक आहे, मूठभर गांडूळखत.

बी विकत आणताय? जरा थांबा

घरात फालुद्यासाठी आणलेला सब्जा असतो ना, तो बेसिलच. अगदी ऑसिमम बॅसिलिकम. पेरा, उगवतो. ओल्या मातीवर नुसता भुरभुरवायचा, वर मातीचा जेमतेम पडदा. दहा-पंधरा मिनिटांत दाण्याभोवती ती ओळखीची चिकट फुगीर जेली धरते, आणि ऊब असेल तर आठवड्याभरात कोंब. खोल पुरलं तर नाही येणार.

पण एक सांगते, म्हणजे मागाहून म्हणू नका. सब्जाच्या पानाचा वास पिझ्झाच्या बेसिलसारखा असेलच असं नाही. एकाच जातीत वासाचे अनेक प्रकार आहेत. इटलीतल्या जिनोव्हाच्या बेसिलमध्ये लिनालूल हे सुगंधी द्रव्य जास्त, गोडसर, फुलांसारखं. आपल्याकडच्या सब्जात बऱ्याचदा मिथाइल चॅव्हिकॉल जास्त, वास बडीशेपेकडे झुकणारा. तुळशीत युजेनॉल, म्हणजे लवंगेतलं. थाई जेवणात जे ‘क्राप्राव’ घालतात ते बेसिल नव्हे, आपली तुळसच आहे, आणि ती तिथे मिरची-लसणाबरोबर मोठ्या आचेवर परततात. काकूंना हे सांगितल्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

पेस्टोच, म्हणजे बेसिलची इटालियन चटणी, करायचा असेल तर जिनोव्हीज जातीचं बी घ्या. टोमॅटोच्या साराला, कलिंगडाला सब्जाचं पान मला उलट जास्त आवडतं.

तोडल्यावर काळं पडतं ते

रोप जगलं, कापणी झाली, जुडी फ्रिजमध्ये ठेवली, सकाळी काळी. हीही तीच थंडीची गोष्ट. फ्रिज असतो ४ अंशांना, बेसिलला १० च्या खाली सोसत नाही. देठ तिरपे कापून पाण्याच्या ग्लासात, ओट्यावर, उन्हापासून लांब ठेवा. चार-पाच दिवस आरामात राहतं. धुवायचं ते वापरायच्या वेळी.

मिक्सरमध्ये पेस्टो काळपट होतो त्याची कारणं दोन: पानातली विकरं (एन्झाइम) हवेशी भेटतात, आणि पातं गरम होतं. पानं उकळत्या पाण्यात पाच-सात सेकंद बुडवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाका, घट्ट पिळा, मग वाटा. रंग टिकतो, वास थोडा कमी होतो. मी हे करत नाही. मी चटणीचं भांडं अर्धा तास फ्रिजरमध्ये ठेवते, आधी लसूण, मीठ आणि काजू किंवा अक्रोड वाटून घेते, पानं शेवटी, थांबत थांबत, तेल घालून. मूळ पेस्टोत पाइन नट्स घालतात, पण त्यांच्या भावात महिन्याची डाळ येते, तेव्हा त्यावर वाद नको. चारोळी घालून बघितली, ती सुरेख लागली.

एक मात्र गंभीरपणे. कच्चा लसूण घातलेला तेलातला पेस्टो बाहेर ठेवायचा नाही. तेलाखाली हवा नसते, तिथे बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढू शकतात आणि वासाने-चवीने ते कळत नाही. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस, त्याहून जास्त हवा असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये भरून फ्रिजरमध्ये. मेमधल्या मोठ्या कापणीचं मी असंच करते, पावसाळाभर पुरतं. वाळवून ठेवायच्या भानगडीत पडू नका, वास निम्मा उडतो आणि उरतो तो गवताचा.

शिजवताना गॅस बंद केल्यावर घाला. मी एकदा मेथीसारखं थालीपिठाच्या पिठात मळलं होतं. घरभर वास सुटला, ताटात काहीच आलं नाही.

रोप हाताबाहेर गेलं असेल तर

बुंधा काळा पडला की ते रोप गेलं, त्याला पाणी, खत, प्रार्थना काही घालू नका. पण वरचा शेंडा अजून हिरवा, ताठ असेल तर आज रात्री झोपायच्या आधी कापा. चार इंच, पानांच्या जोडीच्या जरा खाली, फुलाशिवायचा. खालची पानं काढा, वरची चार ठेवा, ग्लासात पाण्यात उभा करा. पान पाण्यात बुडता कामा नये. उजेडाच्या खिडकीत, थेट उन्हात नाही, पाणी दोन दिवसांनी बदलायचं. सात ते दहा दिवसांत पांढरी मुळं दिसतात, दीड-दोन इंचाची झाली की मिश्रणात लावायचं. हे रोप मुळापासून आपल्याच मातीत वाढतं, लाल गोळ्याचा प्रश्नच येत नाही. माझ्याकडचं परातीएवढं रोप म्हणजे त्या पाचव्या कुंडीतल्या सातांपैकी एकाचा असाच कापलेला शेंडा आहे. बाकीची सहा, खरं सांगायचं तर, गेली.

तेव्हापासून ओट्याशेजारच्या खिडकीत एका ग्लासात दोन-तीन फांद्या कायम असतात. मूळ रोप साधारण पाच-सहा महिन्यांनी लाकडासारखं कडक व्हायला लागतं, पानं खुरटतात, तेव्हा त्याच्या जागी ग्लासातलं एक जातं.